पहिली चाळीस मिनिटं

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५. किमान १५, कमाल ३२. नळ नवव्या दिवशी आला, पस्तीस मिनिटं. तानाबाई मेथी देऊन गेली. प्राची सोमवारी जालन्याच्या गाडीने येते आहे. तिचा सत्कार पुढच्या रविवारी, सोळा तारखेला, सकाळी अकराला. मी दोन शब्द बोलावेत असा समितीचा निरोप. वरची खोली झाडून घेतली. टेबलाचा एक पाय हलतो, त्याखाली पुठ्ठा घातला.

एवढं लिहून अनुपमाबाईंनी पेनाला टोपण लावलं. दोन शब्द बोलायचे म्हटल्यावर त्यांना धास्तीच वाटली होती. देऊळगाव राजाच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण व्यासपीठ दिसलं की अजून त्यांचे हात गार पडत. आणि बोलायचं तरी कशावर? जिथला उजेड इथे पोचायला पन्नास वर्षं लागतात अशा एका दगडी ग्रहावरच्या हवेवर!

प्राची म्हणजे हिंमतराव आणि तानाबाई खांडेभराडांची एकुलती एक मुलगी. चिखली रस्त्याला त्यांचं तीन एकर वावर, त्यात हिरव्या जाळीचं दहा गुंठ्यांचं शेडनेट. त्या जाळीत एका कंपनीसाठी मिरचीचं बियाणं तयार होतं. प्राची पाचवीत असताना इंग्रजीसाठी बाईंकडे यायला लागली आणि मग येतच राहिली. आठवीत असताना तिने दोन महिने पंचांगातला सूर्यास्त आणि बाईंच्या भिंतीवरचं घड्याळ यांचा मेळ घालून पाहिला आणि एक दिवस सांगितलं, "बाई, तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे. रोज चारच. म्हणजे ते बिघडलेलं नाही, लावतानाच चुकलंय." बाईंचे यजमान तेव्हा होते. ते हसून म्हणाले होते, "ही पोर कोणाच्या घरात सुखाने नांदायची नाही."

जालन्याला बी. एस्सी., संभाजीनगरला एम. एस्सी. आणि मग पुण्याच्या एका संस्थेत पीएच. डी. वसतिगृहात तिचं आडनाव कोणाला धड उच्चारता येईना, म्हणून ती तिथे 'के. बी.' झाली. यंदाचं तिचं सहावं वर्ष. शिष्यवृत्ती मार्चअखेर संपणार होती.

तिचा विषय तिनेच गेल्या दिवाळीत बाईंच्या ओट्यावर बसून समजावून दिला होता. आपल्या सूर्याहून लहान, लालसर तारे असतात. त्यांच्याभोवती दगडी ग्रह इतक्या जवळून फिरतात की दीड-दोन दिवसांत त्यांचं वर्ष संपतं. एक बाजू कायम ताऱ्याकडे, दुसरी कायम अंधारात. प्रश्न एकच, त्या दगडावर हवा आहे की नाही.

"पण दिसत तर नाही ना तो ग्रह?" बाईंनी विचारलं होतं.

"नाहीच दिसत. तारा आणि ग्रह दोघांचा उजेड एकत्रच येतो. ग्रह ताऱ्यामागे गेला की ताऱ्याचा एकट्याचा उरतो. वजाबाकी करायची. जे उरतं त्यावरून कळतं, दिवसाची बाजू किती तापलीये. हवा नसेल तर ती बाजू कातळासारखी भाजून निघते. हवा असेल तर ती उष्णता रात्रीच्या बाजूला वाहून नेते आणि दिवसाची बाजू जरा निवते."

"आणि तुझ्या ग्रहाची बाजू?"

"माझी निवलीये, बाई." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बाईंनी त्या रात्री वहीत नोंदवला होता.

नोव्हेंबरात तिचा लेख सगळ्यांना वाचायला खुला झाला. नियतकालिकाच्या तज्ज्ञांनी तो तपासायचा अजून बाकी होता. पण पेपरवाले कशाला थांबतात? 'दूरच्या ग्रहावर हवा. देऊळगावच्या कन्येचा शोध' असा मथळा आला. त्याच लेखाच्या बळावर जर्मनीतल्या एका विद्यापीठाने तिला मे महिन्यापासून दोन वर्षांची जागा देऊ केली. गावाने सत्कार समिती नेमली.

सोमवारी प्राची आली ती अशी, की बाईंना दारातच काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं. घरी आईबापांना तोंड दाखवून ती थेट बाईंच्या वरच्या खोलीत येऊन बसली. ही तिची जुनी सवय. तज्ज्ञांच्या शंकांना शनिवारपर्यंत उत्तर पाठवायचं आहे, एवढंच म्हणाली. ताटातली भाकरी तशीच राहिली. मंगळवारीही तेच.

बुधवारी दुपारी बाई चहा घेऊन वर गेल्या तर ती संगणक मिटून भिंतीकडे पाहत बसली होती.

"बाई, हवा नाहीये," ती म्हणाली.

बाई खाटेच्या कडेला बसल्या. "म्हणजे?"

"म्हणजे आहे की नाही ते सांगताच येत नाही. दुर्बीण ताऱ्यावर रोखली की पहिला काही वेळ तिचं यंत्र स्थिर नसतं. उजेड उगाच कमी होत गेल्यासारखा दिसतो. म्हणून सुरुवातीचा थोडा भाग टाकून द्यायची रीत आहे. किती टाकायचा याचा नियम नाही. मी वीस मिनिटं टाकून पाहिली, तीस पाहिली, साठ पाहिली. अकरा तऱ्हा केल्या. चाळीस मिनिटं टाकली की ग्रह निवलेला दिसायचा. गाइड सर म्हणाले, हेच सगळ्यांत स्वच्छ आहे, हेच ठेव. मी ठेवलं."

"मग त्यात चूक काय झाली? टाकायची रीतच आहे ना?"

"आधी ठरवून टाकायची रीत आहे, बाई. मी उत्तर पाहिलं आणि मग कुठून कापायचं ते ठरवलं. आता तज्ज्ञांनी विचारलंय की चाळीसच का? म्हणून मी पहिला भाग न टाकता उजेडाची ती उतरण नीट मोजून हिशोबातून वजा केली. ग्रह कातळासारखा तापलेला निघाला. दुसऱ्या तऱ्हेने अधला-मधला. माझ्या हातात काहीच उरलं नाही."

"सरांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, सगळेच असं करतात. एक वाक्य घाल, पाठवून दे, डिग्री घे, जर्मनीला जा. पुढे कोणीतरी पुन्हा मोजेल तेव्हा पाहू." ती बाईंकडे वळली. "तुम्ही सांगा. काय करू?"

अनुपमाबाई नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या. अशा प्रश्नाचं उत्तर त्यांच्या ओठांवर तयारच असायचं. त्यांनी फार विचार केला नाही. "मला विचारतेस तर जे खरं आहे ते लिही," त्या म्हणाल्या.

प्राचीने मान डोलावली. "आईला सांगायला तुम्ही याल?"

शुक्रवारी दोघी वावरात गेल्या. दुपारची वेळ. कामावरच्या बाया लिंबाखाली भाकरी खायला बसल्या होत्या. हिंमतराव जाळीच्या दाराशी ठिबकची नळी जोडत होते. लेकीला पाहून त्यांची कळी खुलली. "आल्या शास्त्रज्ञीणबाई! चपला भाईर काढा. तुह्या ग्रहावरची धूळ माह्या मिरचीले नको."

"तिथं धूळ तरी हाये का, ते विचारा," प्राची म्हणाली. हिंमतराव मोठ्याने हसले आणि मोटर पाहायला विहिरीकडे गेले.

आत तानाबाई एकटीच ओळीत बसून काम करत होती. मिरचीची कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने उघडायची, तिच्यातले नर पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या सकाळी दुसऱ्या जातीचे परागकण लावायचे आणि देठाला लगेच लाल दोरा बांधायचा. दोरा असलेलं फळच बियाण्याला चालतं. ज्याला दोरा नाही ते झाडावर आपसूक धरलेलं. ते कितीही टपोरं असो, तोडून फेकायचं. एका सीझनला असे हजारो दोरे.

"आण तो चिमटा," प्राची खाली बसत म्हणाली.

"राहू दे. पुण्याचे हात झाले तुहे. कळी मोडशील." तानाबाईने बाईंसाठी पालथं कॅरेट सरकवलं. "बसा बाई. पाह्यलं का, ही चार दिवस झाले जेवून नाही राह्यली. कोणी पोरगा-बिरगा हाये का तिकडं, ते तरी विचारा. आम्ही काही नाही म्हणत नाही. आडनाव म्हणता आलं पाह्यजे त्याले, एवढंच."

प्राची हसली नाही. तिने सगळं सांगितलं, बाईंना सांगितलं त्याहून सोपं करून. तानाबाई काम न थांबवता ऐकत होती.

"म्हंजे खोटं लिव्हलं तू?"

"खोटं नाही, आई. उत्तर पाह्यलं अन् मंग कुठून मोजायचं ते ठरवलं. तसं करायचं नसते. उद्या मी लिहून देणार हाये, की माझा लेख मागं घ्या."

"अन् जर्मनी?"

"ती जागा जाईल बहुतेक."

तानाबाईने चिमटा खाली ठेवला. "काऊन? कोणी पकडलं का तुले?"

"नाही."

"मंग? तुहा ग्रह कोणाच्या वावरात पेरला जाणार हाये? कोणाचं पीक बुडते त्याच्यानं? रविवारी अख्खं गाव येऊन राह्यलं. तुह्या बापानं नवा सदरा शिवला. साठ वर्षांचा माणूस, जन्मात पहिल्यांदा मापाचा सदरा शिवला त्यानं."

"आई, ते रेणुकाकाकूसारखं झालं," प्राची हळूच म्हणाली. "फळ धरलेलं पाहून मंग दोरा बांधायचा."

खांडेभराडांकडे मजुरीला येणाऱ्या रेणुकाची गोष्ट बाईंना ठाऊक होती. तीन वर्षांमागे खांडेभराडांचं बियाणं कंपनीच्या चाचणीत फेल झालं होतं. पहिल्या तोड्याचा नमुना पेरला तर त्यात निम्मी झाडं भलतीच निघाली. साहेब आले, ओळी तपासल्या आणि रेणुकाच्या ओळीत मागाहून बांधलेले दोरे सापडले. आपसूक धरलेल्या मिरच्यांना दोरे बांधून तिने दिवस भरला, असं ठरलं. तानाबाईने सगळ्या बायांसमोर तिला हाकलून दिलं होतं. तेव्हापासून आसपासच्या कोणत्याही शेडनेटात रेणुकाला काम मिळालं नाही. ती आता एका मंगल कार्यालयात भांडी घासत होती.

"रेणुकीचं नाव काढू नको," तानाबाई म्हणाली.

"काऊन नको? तूच तर तिले हाकललं. मीही तेच केलं, आई. तिनं मिरचीत केलं, मी..."

"तिनं नाही केलं!"

जाळीखाली उन्हाचा हिरवट उजेड होता. तानाबाईचा चेहरा त्यात ओळखू येईना. तिने दाराकडे पाहिलं, बाया दूर होत्या. मग ती दबक्या आवाजात, पण भराभर बोलत सुटली. "ते दोरे म्या बांधले. त्या साली आठ-आठ दिवस आभाळ राहायचं, फुलं गळायची, बाया लग्नाले निघून गेल्या. मिरच्या तं दिसत होत्या झाडावर. चांगल्या होत्या. बांधले दोरे. अन् त्याच साली नाही, त्याच्या आधी चार वर्षं थोडे थोडे बांधत होते. चारही वर्षं पास झालं. त्याच पास झालेल्या सालात तू शिकली, पोरी. पाचव्या साली पकडलं, अन् ते नेमके तिच्या ओळीत सापडले."

"अन् तू बोलली नाही?"

"काय बोलू? कंपनीनं प्लॉट बंद केला असता. तिचं काय, तिले धुणं-भांडे भेटतेच." तानाबाईने डोळ्याला पदर लावला नाही. ती लेकीकडे सरळ पाहत होती. "म्हून तुले सांगून राह्यली. एकदा गप बसून पाह्य. काही होत नाही. चार दिवस जीव खाते, मंग जेवण जाते."

"होते ना, आई. रेणुकाकाकूचं झालं."

"तं पाठव मंग तुही चिठ्ठी. पाठव, अन् ये इथं, धर चिमटा जन्मभर! या बाईनंच शिकवलं असंल तुले." हे म्हणताना तानाबाईने पहिल्यांदा अनुपमाबाईंकडे पाहिलं. "तुमचं बरं हाये, बाई. पेन्शन येते. खरं बोलाले काय लागते तुमाले?"

बाहेर बाया हात धुऊन परत येत होत्या. तानाबाईने चिमटा उचलला आणि पुढची कळी उघडली.

शनिवारी सकाळी प्राचीने पत्र लिहिलं. इंग्रजी तपासायला म्हणून तिने बाईंना शेजारी बसवलं, पण तपासण्यासारखं काही नव्हतं. सुरुवातीची चाळीस मिनिटं वगळण्याचा निर्णय निष्कर्ष पाहिल्यानंतर घेतला होता. तो न घेतल्यास ग्रहावर हवा असल्याचा दावा टिकत नाही. सबब लेख मागे घ्यावा. चूक माझी आहे. खाली नाव. तिने ते नियतकालिकाला पाठवलं, एकेक प्रत सरांना आणि जर्मनीलाही पाठवली आणि खाली येऊन परसातल्या दोरीवरचे वाळलेले कपडे घड्या घालत बसली. अर्ध्या तासाने सरांचा फोन आला. बोलणं तीन मिनिटं चाललं. ती फक्त "हो, सर" म्हणत होती.

"काय म्हणाले?"

"दुसरा गाइड बघ म्हणाले. सहाव्या वर्षी."

दुपारी हिंमतराव स्वतः समितीकडे गेले. काय झालं ते त्यांना धड सांगता आलं नाही. 'पोरीचं गणित चुकलं' एवढंच म्हणाले. अध्यक्ष वैतागले. फलक छापून झाले होते, हार सांगून झाले होते. शेवटी पोलीस भरतीत निवड झालेल्या वैष्णवी नावाच्या मुलीचा सत्कार करायचं ठरलं. रविवारी अनुपमाबाई बाजारातून येताना सभागृहावरून गेल्या. फलकावर प्राचीच्या चेहऱ्यावर पांढरा कागद चिकटवून त्यावर वैष्णवीचं नाव हाताने लिहिलं होतं. कडेने प्राचीची वेणी तेवढी दिसत होती. आतून टाळ्या ऐकू आल्या. हिंमतराव आले नव्हते. नवा सदरा घरातच राहिला.

त्या दिवसापासून तानाबाई लेकीशी बोलली नाही. ताट वाढायची, समोर सरकवायची आणि वावरात निघून जायची. सोमवारी संध्याकाळी जर्मनीहून पत्र आलं. फार सभ्य पत्र. तुमच्या प्रामाणिकपणाचा आम्ही आदर करतो. मात्र ही जागा त्याच कामासाठी होती, त्यामुळे निवड पुन्हा करावी लागेल. प्राचीने ते बाईंना वाचून दाखवलं आणि म्हणाली, "किती छान लिहितात नाही हे लोक?"

मंगळवारी सकाळी ती निघाली. दुसऱ्या दिवशी शिवजयंती, म्हणून स्टँडच्या रस्त्याला भगवे झेंडे लागत होते. हिंमतराव पिशवी धरून उभे होते. मेथीची भाजी, भाकऱ्या, ठेचा, सगळं तानाबाईनेच भरून दिलं होतं, पण ती स्वतः आली नाही.

"आता काय करशील?" बाईंनी विचारलं.

"वसतिगृहाची खोली मार्चअखेर आहे. तोवर लिहीन. हवा आहे की नाही ते या मोजणीतून कळत नाही, एवढ्यावरच प्रबंध लिहीन. कोणी सही करणारा मिळाला तर." गाडी लागली. हिंमतराव जागा धरायला चढले, तेव्हा ती बाईंच्या जवळ सरकली. "रेणुकाकाकूचं कोणाला बोलू नका, बाई. ते आईनंच सांगायला पाहिजे. मी आईला म्हटलंय. ती सांगणार नाही, मला माहीत आहे. पण मी सांगितलं तर तिला या गावात राहणं होणार नाही."

"नाही बोलणार," बाई म्हणाल्या. गाडी सुटली. हिंमतराव उतरून त्यांच्यासमोर आले, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "खिडकी भेटली," आणि सायकल काढून वावराकडे गेले.

दुपारी अनुपमाबाई गिरणीवर गेल्या. रांगेत त्यांच्या पुढे रेणुका उभी होती. हात राखेने आणि साबणाने फाटलेले, कडेला गव्हाची पिशवी. तिने बाईंना पुढे जायला जागा दिली, पण बाई मागेच थांबल्या.

"बाई, एक विचारू? प्राचीचा सत्कार होता ना? आमच्याच कार्यालयातून भांडे गेले होते चहाचे. मंग दुसरीचाच काऊन झाला?"

"तिच्या कामात चूक निघाली."

"कोणं काढली?"

"तिनेच. कोणी पकडलं नव्हतं. तिने स्वतःहून लिहून कळवलं."

रेणुका बघतच राहिली. "सोताहून? आई-बाप काय म्हणले?" आणि बाईंनी उत्तर द्यायच्या आत हसून मान झटकली. "येडी हाये पोरगी. पण आईवर नाही गेली मंग. तानाबाई लई कडक. माह्या ओळीत दोरे सापडले तं एक शब्द नाही ऐकला तिनं माहा. म्या म्हणलं, बाई, म्या नाही बांधले. आता मलेच वाटते कधी कधी, की बांधले असतील, झोपीत."

गिरणीचा पट्टा फडफडत होता. बाईंच्या तोंडाशी आलं होतं. फक्त चार शब्द होते, आणि ऐकणारी हाताच्या अंतरावर उभी होती. बुधवारी प्राचीला त्यांनी किती सहज सांगितलं होतं! पण प्राचीला दिलेला शब्द होता, तानाबाईचं घर होतं, आणि खरं म्हणजे, गिरणीत चार बाया ऐकत होत्या.

"तुझा नंबर आला," त्या म्हणाल्या.

रेणुकाने पिशवी उचलली आणि पुढे गेली.

त्या संध्याकाळी अनुपमाबाई बराच वेळ वही उघडी ठेवून बसल्या. तारीख, किमान, कमाल लिहून झालं. प्राची सातच्या गाडीने गेली, हेही लिहिलं. मग पेन थांबलं. पुन्हा चाललं तेव्हा त्यांनी लिहिलं: ज्वारी पाच किलो दळून आणली. पीठ जाड निघालं, चाळून घ्यावं लागेल.